‘देवाचा दरबार’ : एक टीप
कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ साली, मिशनची पगारी नोकरी सोडल्यावर, साताऱ्यात आरंभलेला ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही त्यात सारखेच स्थान होते, आणि त्यामुळेच सभासदत्व बाप्तिस्म्यावर ठरवणाऱ्या रूढ मंडळीच्या चौकटीत तो बसणारा नव्हता. बाप्तिस्मा घेणाऱ्याला त्या काळी जात आणि बहुधा घरही गमवावे लागे, हे १८९५ साली स्वतः त्या वाटेने गेलेल्या टिळकांना पुरते ठाऊक होते. म्हणून उंबऱ्याबाहेर थांबलेल्या भक्ताला परका न मानण्याचा त्यांचा आग्रह केवळ तात्त्विक समजणे अन्यायाचे होईल. समतेची खरी कसोटी मात्र स्वयंपाकघरात लागते, आणि तिचे विलक्षण प्रांजळ वर्णन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सापडते : ख्रिस्ती झालेल्या पतीकडे परतल्यावरही त्या आपले सोवळे, म्हणजे शिवाशीव टाळून राखायची शुचिता, सांभाळत आणि अन्नपाणी वेगळे ठेवत, पुढे जातिभेद माणसांनीच निर्माण केला आहे, हे मनाने घेतल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाणेपिणे सुरू केले. हा बदल बाप्तिस्म्याच्या अटीपोटी झालेला नाही, ही गोष्ट अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावी. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० साली घेतला.