चकाकी आली, वजन कुठं गेलं?

आज चांदीच्या चकाकीची जुनी गोष्ट सांगते.

माझी आजी जोडवी उजळायला घेऊन गेली की सोनाराच्या दुकानातून हलायची नाही. "पयले मोजून दे, मंग उजळ," म्हणायची. मला तो तिचा संशयी स्वभाव वाटायचा. पण आमच्या गटानं घडवलेली 250 ग्रॅम जोडवी शहरात पॉलिशला दिली आणि 244 ग्रॅम परत आली, तेव्हा आजी आठवली.

वऱ्हाडात एवढी चांदी आली ती कापसापायी. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आपल्या कापसाला एकदम भाव चढला. पाठोपाठ रेल्वे आली. खामगावचा फाटा 1870 साली सुरू झाला. त्या काळचा रुपया चांदीचा, तोळाभराचा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅमचा. तेच रुपये आटवून सोनार सरी, गोठ, वाळे, तोडे घडवायचा. शेत नवऱ्याच्या नावावर असायचं, बाईच्या हाताशी अंगावरची चांदी. मग लढाई संपली, भाव कोसळला, तेव्हा हीच चांदी सावकाराच्या तागडीत गेली. तिथं रतीभर कमी भरली तरी नुकसान तिचंच. खामगावला अजूनही लोक चांदीचं गाव म्हणतात.

आता उजळण्याचं. चिंचेचं पाणी आणि रिठा लावला की काळेपणा निघतो. खरी चकाकी यायची ओपणीनं. ओपणी म्हणजे अकीक दगडाचं किंवा गुळगुळीत पोलादाचं हत्यार. ते दाबून घासलं की चांदीचा वरचा थर दबून सपाट होतो, खरवडला जात नाही. वजन जवळजवळ तेवढंच राहतं, पण हात भरून येतात. पुढं मोटरवर फिरणारं बफचं चाक आलं. काम झटपट होतं, पण ते चाक मसाल्यानं धातू कापतं. आमचे 6 ग्रॅम तिथं गेले असणार. चोरी झाली असं मी म्हणत नाही. पण तो भुगा दुकानातच राहिला ना! सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन, धुऊन, त्यातली चांदी काढणारे झारेकरी पूर्वीपासून आहेत. केराला किंमत आहे, हे आजीला ठाऊक होतं.

गुजरातेत खंबायतला अकिकाचे मणी चामड्याच्या पिशवीत घालून दोन माणसं दिवसचे दिवस इकडून तिकडं लोटायची. मणी मण्यावर घासून गुळगुळीत व्हायचे. आमच्या गटानं बैठकीत ठराव करून घेतलेला टम्बलर त्याच जातीचा. रबरी अस्तराचा छोटा ड्रम, त्यात स्टीलचे छर्रे, पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब. दोन-तीन तास फिरला की प्रत्येक छर्रा बारीक ओपणीसारखा दाबतो. दागिना थोडा कडकही होतो, लवकर वाकत नाही. मोती किंवा मऊ खडे बसवलेला दागिना मात्र आत टाकू नका, आणि नाजूक साखळ्या गुंततात.

खोल ओरखडे यानं जात नाहीत. ते आधी कानस आणि पॉलिश पेपरनं काढावेच लागतात. तो भुगा आम्ही आता परातीत धरतो आणि डबीत साठवतो.

पहिल्या खेपेला आत टाकताना मोजलं, काढल्यावर मोजलं. काट्यावर फरक दिसला नाही. एका काकूंना पटेना, त्यांनी तिसऱ्यांदा मोजायला लावलं.

छर्रे ओले ठेवले तर गंजतात आणि चांदीवर डाग पाडतात. ज्या बाईची पाळी, तिनं ते धुऊन, पुसून, वाळवूनच घरी जायचं, असं आम्ही वहीत लिहून ठेवलंय.