मूत्राशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता 'शेक' घ्यायचा का? मणिबेलीपासून मुंबईपर्यंत उपयोगी पडेल अशी माहिती

अक्कलकुवा : मणिबेली हे नर्मदाकाठचं गाव. राज्याच्या मतदान केंद्रांच्या यादीत याचा नंबर पहिला, आणि सरदार सरोवराच्या पाण्यात राज्यातलं सर्वांत आधी गेलेलं गावही हेच. आजही इथून मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे बोट नाहीतर डोंगराची वाट. अशा गावातला माणूस मूत्राशयाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन करून घरी येतो. टाके सुकतात. घरचे म्हणतात, 'सुटलो एकदाचे.' पण याच वेळी एक निर्णय बाकी असतो : पुढे रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, ते घ्यायचं का? तो निर्णय ऑपरेशननंतर येणाऱ्या एका कागदावर ठरतो. तो कागद कसा वाचायचा आणि पुढे काय करायचं, ते इथे दिलं आहे.

आजार काय आहे?

मूत्राशय म्हणजे पोटात लघवी साठते ती पिशवी. तिच्या आतल्या अस्तरात हा कॅन्सर सुरू होतो. पहिली खूण बहुतेक वेळा एकच : लघवीतून रक्त, आणि तेही न दुखता. दोन दिवस येतं, आपोआप थांबतं, माणूस विसरून जातो. इथेच चूक होते. बिडी, सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार जास्त होतो. लघवीतून एकदा जरी रक्त गेलं तरी 'उष्णता झाली' म्हणून सोडून देऊ नका. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या.

ऑपरेशनमध्ये काय काढतात?

कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत शिरला असेल तर बहुतेकदा पूर्ण मूत्राशय काढावं लागतं. काही रुग्णांना आधी केमोथेरपी देतात. पुरुषांमध्ये मूत्राशयासोबत प्रोस्टेट ग्रंथी काढतात, बायकांमध्ये बऱ्याचदा गर्भाशयही. ओटीपोटातल्या गाठी, म्हणजे लसिका ग्रंथी, सुद्धा काढतात. मग आतड्याचा छोटा तुकडा वापरून लघवीसाठी नवी वाट करतात. बहुतेकांच्या पोटावर उजव्या बाजूला एक तोंड असतं, त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर बाहेरून बॅग लावतात.

जोखीम जास्त आहे हे कसं कळतं?

काढलेला भाग तपासायला पाठवतात. त्याचा रिपोर्ट थोड्या दिवसांनी येतो. त्याला हिस्टोपॅथॉलॉजी किंवा बायोप्सी रिपोर्ट म्हणतात. त्यात तीन गोष्टी बघायच्या :

१) टी नंबर. टी२ म्हणजे आजार स्नायूपर्यंत गेला. टी३ म्हणजे स्नायू ओलांडून बाहेरच्या चरबीत. टी४ म्हणजे शेजारच्या अवयवापर्यंत.

२) एन नंबर. एन० म्हणजे तपासलेल्या गाठींत कॅन्सर सापडला नाही. एन१ किंवा त्यापुढे म्हणजे गाठींत पोहोचला.

३) मार्जिन. कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर 'पॉझिटिव्ह' लिहितात. म्हणजे आत थोडं उरलं असण्याची शक्यता.

टी३, टी४, गाठींत कॅन्सर किंवा मार्जिन पॉझिटिव्ह, यातलं एक जरी असेल तर जोखीम जास्त. अशा रुग्णाने हा रिपोर्ट घेऊन रेडिएशनच्या डॉक्टरांना एकदा भेटलंच पाहिजे. ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे आणि शेक देणारे वेगळे असतात, हे लक्षात ठेवा. कोणी पाठवलं नाही तर आपण स्वतः विचारायचं.

शेक कशासाठी?

जोखीम जास्त असलेल्या रुग्णांमध्ये मूत्राशय काढल्यावरही त्याच जागी, ओटीपोटात, कॅन्सर पुन्हा उगवू शकतो. तिथे परत आलेला आजार आवरणं फार अवघड असतं. दुखणं, पायाला सूज, किडनीवर दाब असे हाल होतात. उरलेल्या बारीक पेशी आधीच मारून टाकणं हा शेकाचा हेतू.

यावर इजिप्तमध्ये बरंच काम झालं आहे. तिथल्या डॉक्टरांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑपरेशननंतर केमो आणि रेडिएशन दोन्ही घेतलेल्यांची तुलना फक्त केमो घेतलेल्यांशी केली. दोन वर्षांनी ओटीपोटात आजार परत न आलेले रुग्ण पहिल्या गटात ९६ टक्के होते, दुसऱ्या गटात ६९ टक्के. मात्र किती जण जगले या हिशेबात दोन गटांतला फरक ठामपणे सांगण्याइतका मोठा निघाला नाही.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने हाती घेतला. डॉ. वेदांग मूर्ती यांच्या नेतृत्वाखाली 'बार्ट' नावाचा अभ्यास २०१६ मध्ये सुरू झाला. जोखीम जास्त असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ऑपरेशननंतर शेक दिला, दुसऱ्याला फक्त तपासणीवर ठेवलं. शेकाचा डोस ५०.४ ग्रे, २८ वेळा विभागून. स्टोमाला धक्का लागू नये अशा पद्धतीने नवीन मशीनवर तो देतात.

म्हणून हे सरळ समजून घ्या : शेक हा जादूचा इलाज नाही, आणि सगळ्यांना लागतही नाही. टी२ पर्यंतचा आजार, गाठी साफ, मार्जिन साफ, अशा रुग्णाला सहसा शेकाची गरज नसते. आजार फुप्फुसात किंवा हाडात गेला असेल तर इलाजाची दिशाच बदलते. केमोची गोष्ट वेगळी. ती सगळ्या अंगात पसरलेल्या पेशींसाठी, शेक फक्त त्या जागेसाठी. किडनी कमजोर असेल तर सिस्प्लॅटिन हे केमोचं मुख्य औषध देता येत नाही. काही रुग्णांना इम्युनोथेरपीही सुचवतात, पण ती फार महाग आहे.

२८ दिवसांचा हिशेब

जखम नीट भरल्यावर शेक सुरू करतात. केमो ठरली असेल तर कोणतं आधी ते डॉक्टर ठरवतात. सुरुवातीला एक सीटी स्कॅन होतो आणि अंगावर बारीक खुणा करतात. त्या पुसू नका. मग सोमवार ते शुक्रवार रोज एकदा मशीनवर झोपायचं, शनिवार-रविवार सुट्टी. असे २८ शेक म्हणजे साडेपाच ते सहा आठवडे. मशीनवर काही मिनिटंच लागतात, दुखत नाही, चटका बसत नाही. बाहेरून दिलेल्या शेकाचे किरण अंगात राहत नाहीत. घरी लेकरांना जवळ घ्यायला, एका ताटात जेवायला काही हरकत नाही.

मधेच सोडून येऊ नका. सण असो, पेरणी असो की दिवाळीनंतर गुजरातला कामाला जायचं असो, तारखा आधी जुळवून मगच सुरू करा. अर्धवट शेकात त्रास होतो आणि फायदा कमी मिळतो.

काय त्रास होतो?

थकवा, पातळ संडास, पोटात मुरडा, भूक कमी, कधी मळमळ. बहुतेक त्रास शेक संपल्यावर काही आठवड्यांत कमी होतो. त्या दिवसांत मऊ भात, मुगाचं पातळ वरण, ताक, केळी घ्या. तिखट, तळलेलं आणि दारू टाळा. जुलाब झाले तर ओआरएस घ्या. पाणी भरपूर प्या. काही जणांना पुढे महिन्या-वर्षांनी आतड्याला अडथळा येऊ शकतो.

खालचं काही झालं तर थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा :
- थंडी वाजून ताप
- बॅगेत काही तास लघवीच न येणं
- पोट फुगणं, उलट्या, संडास आणि वायू बंद होणं
- स्टोमा काळा पडणं किंवा रक्त न थांबणं

नर्मदाकाठच्या गावांना तरंगत्या दवाखान्याचा आणि आशाताईंचा आधार असतो. त्यांना ऑपरेशन झाल्याचं आधीच सांगून ठेवा. पावसाळ्यात वाट बंद होण्याआधी जादा बॅगा घरी आणून ठेवा.

कुठे जायचं, पैसे कसे?

नंदुरबारकरांना शेकासाठी धुळे, नाशिक, सुरत ही शहरं जवळ. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. अवघड केस असेल तर मुंबईत परळचं टाटा. नंदुरबारहून सुरतमार्गे रेल्वेने जाता येतं. कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेचं स्लीपर आणि थ्री टियर एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात येतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. फोन १५५३८८. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं, पण सुरतला जाण्याआधी १४५५५ वर विचारून घ्या.

खरा खर्च राहण्याचा. सहा आठवडे रोज मणिबेलीहून जाणं-येणं शक्यच नाही. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या ठिकाणी रुग्णांची कमी पैशांत सोय होते. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी करा.

डॉक्टरांना हे विचारा

- माझा टी, एन आणि मार्जिन काय आहे?
- शेक घेतला तर मला किती फायदा, नाही घेतला तर किती धोका?
- केमो आधी की शेक आधी?
- योजनेत बसतं का? खिशातून किती जातील?
- किती दिवसांनी परत दाखवायचं?

शेक घ्या किंवा न घ्या, पहिली काही वर्षं सीटी स्कॅन, किडनीची तपासणी आणि रक्तातलं बी १२ ठरल्या तारखेला बघावंच लागतं. सगळे रिपोर्ट एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. बोटीत कागद भिजला तरी फोटो राहतो, आणि पुढच्या डॉक्टरांना आधी तोच दाखवावा लागतो.