सौद्यांची कीर्द आणि टॅगची खतावणी

लासलगाव बाजार समितीत कांद्याचे लिलाव आटोपले, की भाव जाहीर होतात ते प्रतवार. हंगामाप्रमाणे उन्हाळ कांद्याचा वेगळा, लाल कांद्याचा वेगळा, बारीक गोल्टीचा आणखी वेगळा. आणि त्या प्रत्येकाचा किमान, कमाल व सरासरी. सगळा माल एकत्र करून काढलेली एकच सरासरी ना शेतकऱ्याच्या उपयोगाची, ना व्यापाऱ्याच्या, हे नाशिक जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्याच जिल्ह्यात, नाशिक शहरात, सकाळी घेतलेले शेअर दुपारी विकून मोकळा होणारा डे-ट्रेडर मात्र बहुधा एकाच आकड्याकडे पाहतो: महिनाअखेरची खात्यातील शिल्लक. ती वाढली तर आपली पद्धत अचूक, घटली तर बाजार वाईट. दोन्ही निष्कर्ष पुराव्यावाचून काढलेले असतात.

हा पुरावा गोळा करण्याचे साधन म्हणजे सौद्यांची नोंदवही, आणि तो वाचण्याचे साधन म्हणजे तिच्यातील टॅग. नावे नवी असली तरी कल्पना आपल्या पेढ्यांवर फार जुनी आहे. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहायचे ती कीर्द. मग तीच रक्कम ज्या त्या खात्यावर नेऊन मांडायची ती खतावणी. कीर्दीवरून काय घडले ते कळते. कोणाकडून किती येणे आणि कोणत्या मालात नुकसान, हे खतावणीवाचून कळत नाही. डे-ट्रेडरला ब्रोकरकडून सौद्याच्या दिवसापासून २४ तासांच्या आत मिळणारी कॉन्ट्रॅक्ट नोट ही त्याची आयती कीर्द होय. टॅग म्हणजे त्या कीर्दीतील प्रत्येक सौदा कोणत्या खात्यावर न्यायचा याची खूण.

या कष्टाची गरज किती, हे ‘सेबी’ने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून दिसते. शेअरच्या रोख बाजारात २०२२-२३ या वर्षी इंट्रा-डे सौदे करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी दर १० जणांत ७ जणांना निव्वळ तोटा झाला होता. तिशीच्या आतील तरुणांचे या व्यवहारांतील प्रमाण २०१८-१९ मध्ये १८ टक्के होते, ते २०२२-२३ मध्ये ४८ टक्क्यांवर गेले. आणि या वयोगटात तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ७६ टक्के होते. वर्षाला ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत तर ८० टक्के लोक तोट्यात होते. सरावाने हात बसतो, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. ज्या सरावाचा हिशेब ठेवला जात नाही, त्यात चुकीचाही हात बसतो.

खाती कोणती उघडावीत?

टॅग तीन-चार प्रकारचे पुरतात. पहिला प्रकार सौद्याच्या कारणाचा: आदल्या दिवसाचा उच्चांक ओलांडला म्हणून खरेदी, घसरणीनंतरच्या उसळीसाठी खरेदी, निकालाची बातमी आली म्हणून विक्री, इत्यादी. दुसरा वेळेचा: बाजार सव्वानऊला उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास, मधला संथ काळ आणि शेवटचा तास. तिसरा शिस्तीचा: सौदा आधी ठरवलेल्या आराखड्यातला की बाहेरचा. चौथा बाहेर पडण्याचा: ठरलेल्या लक्ष्यावर, स्टॉप लॉस लागून, की मधेच मन कच्चे होऊन. याखेरीज सौद्यात किती रक्कम धोक्यात घातली होती तो आकडा हवाच. ५०० रुपये धोक्यात घालून मिळवलेले हजार आणि ५ हजार धोक्यात घालून मिळवलेले हजार एका पंक्तीला बसत नाहीत.

नाशिककरांसाठी आणखी एक टॅग सुचवता येईल: ‘ओळखीची कंपनी’. ‘सुला व्हिनयार्ड्‌स’चा शेअर डिसेंबर २०२२ मध्ये बाजारात नोंदला गेला. ज्या कंपनीचे मळे गंगापूर धरणाच्या वाटेवर येता-जाता दिसतात, तिचा भाव आपल्याला इतरांहून अधिक कळतो असे वाटणे स्वाभाविक आहे. दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत या परिचयाचा काही उपयोग होत असेलही. दहा-वीस मिनिटांच्या सौद्यात तो खरोखर होतो का, हे टॅगखाली जमलेले ३०-४० सौदेच सांगू शकतील.

एक काल्पनिक हिशेब

समजा, एखाद्याने तीन महिन्यांत १२० सौदे केले. ५४ नफ्यात, सरासरी १,४०० रुपये. ६६ तोट्यात, सरासरी १,१०० रुपये. नफा ७५,६०० आणि तोटा ७२,६००, म्हणजे ३,००० रुपये शिल्लक. पण यात खर्च धरलेला नाही. सवलतीच्या दलालीतसुद्धा १ लाख रुपयांचे शेअर घेऊन त्याच दिवशी विकले, तर प्रत्येक ऑर्डरची २० रुपये दलाली, विक्रीवरील ०.०२५ टक्के रोखे व्यवहार कर, मुद्रांक शुल्क, शेअर बाजाराचे शुल्क आणि वस्तू व सेवा कर मिळून सुमारे ८० रुपये जातात. १२० सौद्यांचे ९,६०० झाले. तीन हजारांचा नफा वस्तुतः ६,६०० रुपयांचा तोटा ठरला. ‘सेबी’च्या त्याच अभ्यासात तोट्यातील मंडळींनी आपल्या तोट्याच्या आणखी ५७ टक्के इतकी रक्कम व्यवहार खर्चापोटी मोजल्याचे आढळले होते. म्हणून टॅगची बेरीज नेहमी खर्च वजा करूनच करावी.

आता खतावणी. वेळेच्या टॅगवर पाहिले, तर पहिल्या अर्ध्या तासातील ४० सौद्यांत १५,००० रुपये गेले आणि उरलेल्या ८० सौद्यांत ८,४०० आले. निष्कर्ष सोपा दिसतो: पहाटेचा बाजार सोडावा. पण तेच सौदे शिस्तीच्या टॅगवर आणखी एकदा वाटले, की चित्र पालटते. पहिल्या अर्ध्या तासातील आराखड्याबाहेरचे सौदे १३ आणि त्यांतील तोटा १३,६००. आराखड्यातील २७ सौद्यांत मात्र गेले अवघे १,४००. उरलेल्या वेळेतही आराखड्याबाहेरच्या १७ सौद्यांनी ९,९०० रुपये घालवले आणि आराखड्यातील ६३ सौद्यांनी १८,३०० मिळवून दिले. सगळे मिळून आराखड्याबाहेरचे ३० सौदे २३,५०० रुपये तोट्यात, आतले ९० सौदे १६,९०० रुपये नफ्यात. दोष घड्याळाचा नव्हता. एकच टॅग पाहून वेळ बदलणारा माणूस तीच घाई दुपारी करून बसला असता. टॅगचे खरे सामर्थ्य असे एकावर एक ठेवून पाहण्यात आहे; एक्सेलमधील पिव्हट टेबलाने हे काम काही मिनिटांत होते.

टॅग केव्हा लावावा?

वरच्या हिशेबात एक मोठी मेख आहे, आणि बहुतेक नोंदवह्या तिथेच निकामी होतात. हे ३० सौदे ‘आराखड्याबाहेरचे’ असे कोणी आणि केव्हा ठरवले? संध्याकाळी, निकाल कळल्यावर ठरवले असेल, तर सगळी खतावणी व्यर्थ समजावी. तोटा झालेला सौदा उतावळेपणाचा वाटतो. तोच सौदा नफ्यात गेला असता तर ‘चपळाई’ म्हणून आराखड्यात जाऊन बसला असता. मग आराखड्यातील सौदे नफ्यात दिसणारच, कारण तोट्यातील सौदे आपणच तिथून हाकलले आहेत. अशी वही वाचणाऱ्याला वाटते, की आपली पद्धत उत्तम आहे, फक्त थोडी शिस्त हवी. आणि या समाधानावर तो पुढच्या महिन्यात रक्कम दुप्पट करतो.

यावर उपाय एकच. कारणाचा, वेळेचा आणि शिस्तीचा टॅग सौदा करण्यापूर्वी, निदान सौदा उघडा असताना, लिहायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. स्टॉप लॉस कोठे आणि लक्ष्य कोणते हेही त्याच वेळी लिहावे. निकालानंतर लिहायचा तो फक्त बाहेर पडण्याचा टॅग. सौदा चालू असताना दोन शब्द लिहायलाही फुरसत नव्हती, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मग ‘नोंद न करता केलेला’ हाच टॅग नंतर लावावा. त्या खात्यावरची बाकी पाहण्यासारखी असते.

बाहेर पडण्याच्या टॅगला विशेष महत्त्व आहे. हर्ष शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये मांडले, की गुंतवणूकदार नफ्यातील शेअर लवकर विकतात आणि तोट्यातील धरून बसतात. डे-ट्रेडिंगमध्ये हे दोन खुणांनी ओळखू येते: ‘लक्ष्याआधी विकला’ या टॅगखालील संख्या फुगलेली असते, आणि ‘स्टॉप लॉस सरकवला’ या टॅगखाली सौदे थोडे पण रकमा मोठ्या असतात. सकाळचा इंट्रा-डे सौदा तोट्यात गेला म्हणून बाजार बंद होण्यापूर्वी ‘डिलिव्हरी’ घेऊन गुंतवणूक म्हणवणे, हा याच दुखण्याचा पुढचा टप्पा. त्यासाठी वेगळा टॅग ठेवावा आणि तो तोट्याच्याच बाजूला मोजावा.

टॅगची संख्या वाढवण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. एका टॅगखाली २० सौदे असून १४ नफ्यात दिसले, तर गुप्त किल्ली सापडल्याचा आनंद होतो. पण निव्वळ नाणेफेकीतही २० पैकी १४ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे ६ टक्के असते. एकमेकांशी संबंध नसलेले असे २० टॅग केले, तर त्यांतील निदान एकाने नुसत्या योगायोगाने हा चमत्कार दाखवण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांवर जाते. सहा-सात टॅग, प्रत्येकाखाली शक्य तर शंभराच्या आसपास सौदे, आणि पहिल्या तीन महिन्यांत जे आढळले ते पुढच्या तीन महिन्यांत टिकते का याची पडताळणी, एवढे पथ्य पाळले तर आकडे काही बोलू लागतात. ते ‘या बाजारात तुमचे काम नाही’ असेही बोलू शकतात. ब्राझीलमध्ये २०१३ ते २०१५ दरम्यान वायदे बाजारात डे-ट्रेडिंग सुरू करून ३०० हून अधिक दिवस टिकलेल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा ९७ टक्के जण तोट्यात आढळले. सर्व टॅग तपासून एकाही खात्यावर नफा दिसत नसेल, तर नव्या टॅगचा शोध थांबवणे हाच त्या वहीचा अर्थ असतो.

साधनांसाठी फार खर्च करण्याचे कारण नाही. ब्रोकरच्या संकेतस्थळावरून सौद्यांची यादी उतरवून घेता येते. तिला टॅगचे रकाने जोडले की काम भागते. सशुल्क सॉफ्टवेअर आलेख सुंदर काढतात, पण टॅग खरा लिहिला की खोटा हे त्यांना कळत नाही. आढावा आठवड्यातून एकदा, बाजार बंद असताना घ्यावा. रोजच्या रोज घेतल्यास कालच्या एका सौद्यावरून आजचा नियम बदलण्याची खोड लागते.

एक टॅग मात्र कायद्यानेच लावून ठेवला आहे. शेअरमधील इंट्रा-डे व्यवहारांचे उत्पन्न प्राप्तिकरात सट्टा व्यवसायाचे धरले जाते. त्यातील तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो आणि पुढे ४ वर्षांपर्यंतच ओढता येतो, तोही विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. शेअर बाजारातील फ्युचर्स व ऑप्शन्सचे व्यवहार सट्ट्यात मोडत नाहीत आणि त्यांतील तोट्याला ८ वर्षांची मुदत मिळते. दोन्ही प्रकारचे सौदे करणाऱ्याने हे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवले, तर विवरणपत्राच्या वेळी चार्टर्ड अकाउंटंटपुढे वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोटांचा गठ्ठा ओतावा लागत नाही.