आतामीचें थोरलें उष्णोदक

टोकियोच्या नैर्ऋत्येस इझू नांवाचें द्वीपकल्प समुद्रांत घुसलें आहे. त्याचा पूर्वकिनारा ज्वालामुखींनीं रचलेला. डोंगर थेट लाटांत उतरतात आणि गांवें उतारांना बिलगून बसतात. त्यांतलें सर्वांत विख्यात आतामी. नांवाचा अर्थच मुळीं 'तप्त समुद्र'.

गांवाच्या वैभवाचें मूळ 'ओयु', म्हणजे थोरलें उष्णोदक. दिवसरात्र मिळून सहा वेळां तेथें कढत पाणी व वाफ उसळे, आणि तेंच पाणी स्नानगृहांत खेळवीत. तोकुगावा इएयासु हा १६०४ सालीं दोन मुलांसह येथें सात दिवस राहिला. सात दिवसांचें एक आवर्तन, अशीं तीन आवर्तनें पुरीं केलीं म्हणजे उपचार पुरा, अशी जुनी रीत होती. सामान्य रोगी शिधा बरोबर आणून उताऱ्यावर स्वतःच रांधीत. शोगुनांना मात्र घराबाहेर पडण्याचें कारण उरलें नाहीं. आतामीचें पाणी पिपांत भरून माणसांच्या खांद्यांवरून त्यांच्या एदोच्या वाड्यांत पोंचूं लागलें!

१८६० सालीं ब्रिटिश वकील सर रदरफर्ड अल्कॉक येथें उतरले असतां त्यांचा टोबी नांवाचा कुत्रा ओयुच्या उकळत्या फवाऱ्यांत सांपडून मेला. परदेशीयांविषयीं देशांत द्वेष धुमसत होता. तरी गांवकऱ्यांनीं त्या मुक्या प्राण्याला आपुलकीनें मूठमाती दिली. त्याच्या स्मरणाचा दगड तेथें अजून आहे.

वाट मात्र बिकटच राहिली. १८९६ मध्यें ओदावाराहून आगगाडी आली ती माणसांनीं ढकलण्याची: सोळा मैलांस सुमारें चार तास, आणि चढ लागला कीं स्वस्त तिकिटाच्या उतारूंनींही खालीं उतरून हात लावावयाचा. खरी आगगाडी १९२५ सालीं आली. पुढचा तान्ना बोगदा खणण्यास सोळा वर्षें लागलीं, सदुसष्ट माणसें दगावलीं. १९३४ मध्यें तो खुला झाला आणि आतामी मुख्य मार्गावर आलें.

पण ज्याच्यासाठीं माणसें येत तें ओयु तोंवर राहिलें नव्हतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तें क्षीण होत जाऊन थांबलें होतें. १९२३ च्या महाभूकंपांत एकवार पुन्हा उसळलें, आणि थोड्याच वर्षांत कायमचें निमालें. आज तेथें जो फवारा उडतो, तो १९६२ सालापासून मनुष्यानें उडविलेला आहे.