‘नाइस’ या शब्दाचे चरित्र

आम्ही नुकतेच अध्यापक झालो होतो, त्या वेळची ही गोष्ट. पुणे-नाशिक रस्त्यावरील मोशी गावच्या एका शेतकऱ्याचा मुलगा आमच्या इंग्रजीच्या वर्गात होता. धडा मोठ्याने वाचताना त्याने ‘नाइस’ हे विशेषण ‘नीस’ असे उच्चारले. वर्ग हसला, आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीही हसलो. तो खाली बसता बसता म्हणाला, “सर, शेवटची अक्षरे तीच, मग पोलिसाला ‘पोलाइस’ का म्हणत नाहीत?” आम्ही तास संपल्याची सबब पुढे केली. त्यानंतर त्याने वर्गात पुन्हा कधी मोठ्याने वाचले नाही. ते उत्तर आज देत आहोत.

या शब्दाचे कूळ लॅटिन आहे. ‘ने’ म्हणजे नकार, ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. त्यांपासून झालेल्या ‘नेस्कियस’चा अर्थ अज्ञ. फ्रेंचमार्गे इ. स. 1300 च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. पुढे तो ‘फाजील नाजूक’, मग ‘चोखंदळ’, मग ‘सूक्ष्म’ झाला, आणि अठराव्या शतकात ‘छान’ या पदास चढला. 1817 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर अॅबी’ कादंबरीत जेन ऑस्टेनने या शब्दाच्या सरसकट वापराची नायकाकडून थट्टा करविली आहे.

वाचकांनी यात नवल मानू नये. आपला ‘मुग्ध’ आणि ‘मूढ’ हे एकाच ‘मुह्’ धातूचे जुळे भाऊ होत. दोघेही मूळचे गोंधळलेले; पण एक मनोहर ठरला, दुसरा मूर्खच राहिला. उलट, मोशीपासून जवळच असलेल्या आळंदीच्या ज्ञानदेवांचे शब्दभांडार पाहावे. शके 1212 च्या ज्ञानेश्वरीत ‘बरवा’ म्हणजे सुंदर, उत्तम. त्याच्याच कुळातील ‘बरा’ आज जेमतेम उत्तीर्ण होतो. शब्दांचेही दैव माणसांसारखेच फिरते!

आता उच्चाराविषयी. 1400 मध्ये वारलेल्या चॉसर कवीच्या काळी या शब्दातील स्वर दीर्घ ‘ई’ असाच होता. पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान इंग्रजीचे सर्व दीर्घ स्वर आपली जागा सोडून सरकले. ‘ई’चा ‘आइ’ झाला. परंतु कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडात छापखाना घातला होता, आणि छापील लेखन हळूहळू जुन्याच वळणावर स्थिरावले. जीभ पुढे गेली, लेखणी मागे राहिली. ‘पोलीस’ हा शब्द आजच्या अर्थाने अठराव्या शतकात फ्रेंचमधून आला. तोवर हे स्थित्यंतर बहुतेक उरकले होते. म्हणून त्याने आपला फ्रेंच ‘ई’ राखला. ‘मशीन’चीही तीच कथा. तात्पर्य, त्या मुलाची शंका रास्त होती.

‘नीस’ हा उच्चार आज अशुद्ध आहे, व तो सुधारणे हे अध्यापकाचे कर्तव्य आहे, याविषयी आमचा वाद नाही. परंतु चूक सुधारणे निराळे आणि चुकणाऱ्यास हसणे निराळे. ज्या घरांत मुलांचे इंग्रजी उच्चार कौतुकाने किंवा धाकाने तपासले जातात, त्यांनी एवढा भेद ध्यानी ठेवावा. त्या दिवशी वर्गात चॉसर असता, तर मोशीच्या मुलाचा उच्चार त्यास ओळखीचा वाटला असता. आणि तोच शब्द, त्याच्या काळच्या अर्थाने, त्याने आम्हास उद्देशून उच्चारला असता.