तीतोची क्षमा आणि प्रागचा राज्याभिषेक
बोहेमियाचा राजा म्हणून दुसऱ्या लिओपोल्डचा राज्याभिषेक ६ सप्टेंबर १७९१ रोजी प्रागमध्ये झाला आणि त्याच संध्याकाळी, बोहेमियातील सरदार-मानकऱ्यांच्या सभेने खास करवून घेतलेला मोझार्टचा 'ला क्लेमेन्झा दी तीतो', म्हणजे 'तीतोची क्षमाशीलता', हा ऑपेरा रंगमंचावर आला. कथानक जुनेच होते. कवी मेतास्तासियोने त्याची संहिता १७३४ मध्ये लिओपोल्डच्या आजोबांच्या, सम्राट सहाव्या चार्ल्सच्या दरबारासाठी रचली होती आणि पुढे अनेक संगीतकारांनी तिला संगीत दिले होते. कारण रोमचा सम्राट तीतो जिवावर उठलेल्या मित्रालाही क्षमा करतो हे दाखवताना सिंहासनावरील राजाची स्तुती होई आणि त्याने कसे वागावे हेही अदबीने सुचवता येई. लिओपोल्डच्या बाबतीत ही स्तुती पोकळ नव्हती, कारण टस्कनीचा ग्रँड ड्यूक असताना त्याने १७८६ मध्ये देहदंडच रद्द केला होता.

या ऑपेराचा करार ८ जुलैचा, म्हणजे हाती पुरते दोन महिनेही नव्हते. कवी कातेरिनो माझ्झोला याने तीन अंकांचे दोन केले, रेचितातीव्हो, म्हणजे बोलण्याच्या लयीत गायचे संवाद, छाटले आणि अनेक पात्रांनी एकत्र गाण्याच्या जागा वाढवल्या. या फेरफारांमुळे आणि त्याहून अधिक मोझार्टच्या संगीतामुळे नाटकाचा तोल राजाकडून अपराध्यांकडे झुकला, आणि या कृतीचे खरे मोल त्यातच आहे. वितेल्लियाच्या प्रेमापायी तीतोचा मित्र सेस्तो त्याच्या खुनाला निघतो, तेव्हाच्या त्याच्या आरियात, म्हणजे एकल गीतात, क्लॅरिनेट त्याच्या प्रत्येक ओळीला कधी आर्जवाने, तर कधी अस्वस्थ वेगाने उत्तर देते. हे वादन मोझार्टचा मित्र आंतोन श्टाडलर याच्यासाठी लिहिलेले होते. पुढे तीतो मृत्युदंडाच्या आज्ञेवर सही करतो, थबकतो आणि तोच कागद फाडून टाकतो. पण ही क्षमा जाहीर होण्याआधीच वितेल्लिया कटाची सूत्रधार आपणच असल्याचे सर्वांसमोर कबूल करते, त्यामुळे राजाच्या औदार्याइतकाच तिचा पश्चात्तापही शेवटाला वजन देतो.

पहिल्या प्रयोगाचे स्वागत थंडच झाले, पण महिनाअखेरपर्यंत प्रागच्या प्रेक्षकांनी हा ऑपेरा उचलून धरला. मोझार्ट ५ डिसेंबरला वारला, लिओपोल्डही पुढच्या मार्चमध्ये गेला. पुढे मोझार्टची विधवा कॉन्स्टान्झे हिने याच ऑपेराचे प्रयोग स्वतःच्या मदतीसाठी घडवून आणले आणि १८०६ मध्ये लंडनने मोझार्टचा पहिला ऑपेरा पाहिला तोही हाच.