चाकाचे हब : आडवाटेच्या वाहनांतील झीज, बदल आणि घरगुती दुरुस्ती

मोटारगाडीच्या चाकाच्या मध्यभागी असलेला, ज्यावर चाक आणि ब्रेकचा ड्रम जखडलेले असतात आणि जो स्वतः बेअरिंगांच्या आधाराने फिरतो, तो पोलादी भाग म्हणजे हब होय. बैलगाडीच्या चाकात जे स्थान तुंब्याचे, तेच मोटारीत याचे. केवळ डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत हा भाग वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु जीप, जिप्सी, थार यांसारखी चारही चाकांस शक्ती पुरवणारी वाहने जेव्हा ओढे, चिखल, दगडगोटे आणि रेती यांतून नेली जातात, तेव्हा गाडीचा भार, आडवे हिसके आणि पाण्याचा मारा हे तिन्ही एकाच वेळी हबावर येतात, आणि त्याची निगा हा मालकाच्या नित्य कर्तव्याचा विषय होतो.

घरी करायच्या या निगेचा विचार येथे कोलशेतच्या संदर्भात केला आहे. कोलशेत हे ठाणे शहराच्या उत्तर अंगास, उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेले जुने गाव. आगरी-कोळ्यांची वस्ती, रेतीबंदर, वायुदलाचे केंद्र आणि सँडोझसारखे रासायनिक कारखाने ही त्याची विसाव्या शतकातील ओळख होती; कारखान्यांच्या जमिनींपैकी बऱ्याच भागावर आता निवासी मनोरे उभे राहिले असून पूर्वी अंगणात किंवा पडवीसमोर होणारे गाडीचे काम वाहनतळाच्या आखून दिलेल्या चौकोनात करण्याची वेळ रहिवाशांवर आली आहे. तथापि दुरुस्तीच्या दृष्टीने या ठिकाणाची सोय मोठी आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली, त्याच्या आरंभीच्या वसाहतींत गणली जाणारी वागळे इस्टेट येथून काही किलोमीटरांवरच आहे, आणि घरी न होणारे लेथचे किंवा प्रेसचे काम तिकडे करून घेता येते. कल्याण-मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ताही फारसा दूर नाही. पावसाळ्यात तिकडच्या ओढ्यांतून आणि कच्च्या वाटांवरून परतलेल्या गाडीची चाके तपासण्याचा प्रसंग म्हणूनच येथे वारंवार येतो.

या प्रांतात जीपचे आगमन दुसऱ्या महायुद्धानंतरचे. अमेरिकेतील विलिस कंपनीची जीप १९४१ पासून सैन्यासाठी तयार होऊ लागली; भारतात महिंद्रा कंपनीने विलिसशी करार करून १९४९ साली मुंबईतील माझगावात तिची जुळणी केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी ही बनावट अनेक दशके भारतातच तयार होत राहिली, आणि सरकारी दप्तरांपासून ग्रामीण प्रवासी वाहतुकीपर्यंत तिचा संचार झाला. मारुतीची जिप्सी १९८५ च्या अखेरीस बाजारात आली. महिंद्राची थार २०१० साली आणि तिची दुसरी पिढी २०२० साली. या तीन घराण्यांच्या हबांची रचना एकसारखी नाही, आणि घरी काय करावे व काय करू नये याचा निर्णय त्या रचनेवरच अवलंबून असतो.

सीजे-३बी जीपच्या पुढील चाकाचे हब निमुळत्या रोलरांच्या दोन बेअरिंगांवर फिरते. अशा बेअरिंगाचे पेटंट हेन्री टिमकेन याला १८९८ साली मिळाले. त्यातील रोलर निमुळते असल्यामुळे वरून येणारा भार आणि वळणावर येणारा आडवा रेटा हे दोन्ही ते सोसते, आणि सैल पडल्यास नट आवळून त्याची नीट जुळवणूक करता येते, हा त्याचा मुख्य गुण. आतल्या रोलरांच्या भागास कोन व हबात ठोकून बसवलेल्या बाहेरच्या कड्यास कप म्हणतात. विलिसच्या पुढील हबात आतील व बाहेरील दोन्ही जागी एकच जोडी चालते, कोन १८५९० व कप १८५२० या क्रमांकांची. तरीपण पुढच्या काळातील गाड्यांत भाग बदललेले असतात, यास्तव जुन्या बेअरिंगावर कोरलेला क्रमांक वाचून मगच दुकानात जावे. मागील बाजूस मात्र याच जीपमध्ये हब ॲक्सलच्या निमुळत्या टोकावर चावीने अडकवून मोठ्या नटाने आवळलेले असते. जिप्सीच्या मागील चाकाचे बेअरिंग ॲक्सलच्या दांड्यावर दाबून बसवलेले असून त्याला धरून ठेवणारी पोलादी कडी कापल्यावाचून ते निघत नाही.

झिजेची कारणे अनेक सांगितली जातात, पण या किनारपट्टीत पाण्याइतका घातक शत्रू दुसरा नाही. लांबच्या प्रवासाने आणि ब्रेकच्या वापराने हब तापलेले असते. अशा स्थितीत गाडी एकदम गार पाण्यात उतरली की हबातील हवा आकुंचन पावते आणि सीलच्या ओठाखालून पाणी आत शोषले जाते. बाहेरून काहीही दिसत नाही. आत मात्र ग्रीस पाण्याशी मिसळून दुधाळ होते, त्याचा रोलरांवरचा थर तुटतो आणि गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की रोलर व कप यांच्या स्पर्शरेषांवर गंजाचे चट्टे उठतात. पाणी खाडीचे असेल तर त्यातील क्षारांमुळे हे काम कितीतरी लवकर होते, कारण क्लोराइड पोलादाच्या पृष्ठभागात बारीक खड्डे पाडते आणि त्या खड्ड्यांच्या कडांपासूनच पुढे धातूचे टवके उडू लागतात. यास्तव पाण्यात उतरण्यापूर्वी गाडी काही वेळ उभी करून हब निवू द्यावे, आणि हब बुडेल इतक्या पाण्यातून गाडी गेली असल्यास पुढील महिन्याची वाट न पाहता बेअरिंग उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरावे. खाऱ्या पाण्यानंतर तर त्याच आठवड्यात. एवढा एक शिरस्ता पाळणाऱ्याचे हब दीर्घकाळ टिकते.

दुसरे कारण चुकीची आवळणी. नट अतिशय घट्ट केल्यास बेअरिंग तापून निळसर पडते. सैल ठेवल्यास चाक डुलते, रोलर कपावर आदळत राहतात आणि त्यांच्या अंतराने खळगे उमटतात. प्रमाणापेक्षा रुंद टायर अथवा बाहेरच्या बाजूस काढलेल्या रिमा लावल्यास भाराची रेषा हबापासून दूर जाते व बाहेरचे बेअरिंग अकाली झिजते; शोभेसाठी हा खर्च पत्करू नये.

झिजलेले हब ओळखण्याची लक्षणे अशी : चालताना घरघर किंवा गुणगुण, जिचा सूर वळणावर बदलतो, थांबल्यावर एकाच चाकाचा मध्यभाग हाताला पोळणे, ब्रेकच्या पाट्यावर आतून ग्रीस पाझरणे. निश्चित परीक्षा चाक उचलूनच होते. चाक वर आणि खाली धरून हलवले असता त्यात प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला, तर तो बेअरिंगाचा की पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या किंगपिनचा हे ठरवणे अवश्य असते, कारण पुढचे सर्व काम या एका निदानावर अवलंबून आहे. त्यासाठी सोबत्याने ब्रेक दाबून धरावा : प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगात, तसाच राहिला तर किंगपिनमध्ये. या साध्या परीक्षेअभावी चांगली बेअरिंगे फेकून दिली जातात आणि खरा दोष गाडीतच राहतो.

कामास आरंभ करण्यापूर्वी एका गोष्टीचा पक्का बंदोबस्त करावा. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागील दांड्यावर असतो, त्यामुळे मागचे एक चाक उचलताच डिफरन्शियल त्या ब्रेकला निष्फळ करते आणि गाडी जमिनीवरील चाकावर घरंगळू शकते. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावावे आणि केवळ जॅकच्या भरवशावर कधीही काम करू नये. ॲक्सलखाली घोडी दिल्यावाचून चाक काढणे म्हणजे स्वतःच्या देहाचा जुगार खेळणे होय. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावे. जुन्या जीपच्या डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसल्याने पुष्कळ स्टड तुटतात.

पुढील हब उघडताना प्रथम बाहेरचे झाकण व त्यामागील सर्कलिप काढून ड्राइव्ह फ्लँजचे बोल्ट सोडावे. फ्लँज निघाल्यावर दुमडलेले लॉक वॉशर छिन्नीने सरळ करून दोन्ही नट काढले म्हणजे ड्रमसह हब हाती येते. बाहेरचे बेअरिंग त्याच वेळी निसटून पडते, ते हाताने धरावे. सर्व भाग घासलेटाने धुवावे, पेट्रोलने नव्हे. आणि धुतलेले बेअरिंग दाबाच्या हवेने गरगर फिरवू नये, कारण ग्रीसाविना फिरणारे रोलर क्षणात ओरखडे पाडतात. ब्रेकच्या जुन्या पाट्यांची धूळ फुंकणेही वर्ज्य मानावे, कारण तीत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती ओल्या फडक्याने पुसावी.

कोन व कप यांची जोडी एकत्रच बदलावी; नवा कोन जुन्या कपात घालणे ही काटकसर नव्हे. जुना कप हबाच्या आतील खाचांतून पितळी किंवा मऊ लोखंडाच्या सळईने आलटून पालटून ठोकत बाहेर काढावा, आणि नवा कप बसवताना त्याच्यावर जुना कप उलटा ठेवून ठोकावे, म्हणजे मार सर्व बाजूंनी सारखा बसतो. ठोकण्याचा आवाज बदलून भरीव झाला की कप तळाशी टेकला असे समजावे. लिथियम जातीचे, क्रमांक २ चे ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगाच्या रुंद बाजूने ते दाबीत राहावे, जोवर दुसऱ्या बाजूने प्रत्येक रोलरामधून ताजे ग्रीस डोकावत नाही. हबाची पोकळी मात्र पूर्ण भरू नये. अधिक ग्रीस तापते आणि सीलबाहेर येऊन ब्रेक बिघडवते. दोन जातींचे ग्रीस एकत्र करू नये. सील प्रत्येक वेळी नवेच घालावे.

जुळवणुकीची रीत जुन्या जीपपुरती अशी : चाक हाताने फिरवत नट इतका आवळावा की चाक अडखळू लागेल, मग तो सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्यावा, चाक मोकळे फिरावे पण डुलू नये. त्यानंतर वॉशर व दुसरा नट बसवून वॉशरची कड दुमडावी. पाच-दहा किलोमीटर चालवून हबाला हात लावावा. कोमट असल्यास ठीक, हात ठरत नसेल तर नट पुन्हा सैल करावा.

पुढील हबावर फ्री-व्हील हबची जोड असलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत. आर्थर वॉर्न याने १९४८ साली अमेरिकेत युद्धोत्तर शिल्लक जीपगाड्यांसाठी असे हब बनवण्यास आरंभ केला. चाकापासून ॲक्सलचा दांडा सोडवता येत असल्याने रस्त्यावर पुढील यंत्रणेची व्यर्थ फिरकी वाचते. मात्र अशी गाडी महिन्यातून एकदा तरी हब जोडून काही अंतर चालवावी, म्हणजे आतील भागांना वंगण पोहोचते.

घरगुती दुरुस्तीची मर्यादा येथे येते. निमुळत्या रोलरांचे पुढील हब कोणताही सावध मालक घरी करू शकतो, आणि त्याने ते करावेच, कारण आडरानात बेअरिंग बसले तर हेच ज्ञान त्याला घरी आणते. जीपचे मागील निमुळत्या टोकावरचे हब भक्कम पुलरने निघते; हातोड्याने ड्रमची कड ठोकल्यास ड्रम फुटतो. जिप्सीच्या मागील बेअरिंगास प्रेस लागते, यास्तव दांडा काढून वागळे इस्टेटसारख्या ठिकाणी न्यावा. स्वतंत्रपणे झुलणाऱ्या पुढील चाकांच्या नव्या थारसारख्या गाड्यांत निर्मात्याच्या पुस्तिकेतील आवळणीची मापे पाळूनच काम करावे. तेथे अंदाजाला जागा नाही.

काढलेले ग्रीस व तेल खाडीकडे जाणाऱ्या गटारात टाकू नये. ते डब्यात साठवून अधिकृत तेलसंग्राहकास द्यावे. दुरुस्त गाडीची परीक्षा घेण्यास येऊरचे जंगल किंवा कोलशेतची कांदळवने हे क्षेत्र नव्हे : पहिले संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, आणि दुसऱ्यांच्या नाशास मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाने राज्यभर मनाई आहे.

नुसते बेअरिंग बदलून भागेल की हबच बदलावे, याचा निवाडा हबाच्या अंगावरूनच करावा. स्टडची छिद्रे लांबट झाली असतील, चावीची खाच रुंदावली असेल अथवा तडा दिसत असेल तर बेअरिंग कितीही नवे घातले तरी उपयोग नाही. कप हबात नुसत्या बोटाने सरकत असेल, तर हबाच्या आतल्या अंगावर पंचाचे ठिपके मारून तो घट्ट करण्याची जी युक्ती काही ठिकाणी चालते ती थोडेच दिवस टिकते, आणि त्यानंतर कप हबात फिरू लागून चाक डुलू लागते. असे हब भंगारात घालून दुसरे आणावे.